ओळखीशिवाय वाजवायचं नाही

बापू, तुम्ही गाणाऱ्याला मधेच तोडून सुई उचललीत आणि विचारलंत, "काय म्हनी ऱ्हायना हाऊ?" रेकॉर्ड फिरतच राहिली. मी दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबऱ्यावर बसले होते आणि माझं तोंड उघडं होतं, हे मला आईच्या चेहऱ्यावरून कळलं. मी म्हणाले, "माले नई समजत." तुम्ही म्हणालात, "तू ते कॉलेजमा इंग्रजी शिकस ना?" मी म्हणाले, "ते येगळं इंग्रजी शे." आई चुलीपाशी भाकरी थापत होती. थापणं न थांबवता ती म्हणाली, "गडी तापमा बरळी ऱ्हायना. कोनी पानी द्या त्याले." तुम्ही हसलात, पण सुई हातातच धरून ठेवलीत. ती खाली यावी एवढंच मला हवं होतं. त्या वेळी जगात दुसरं काही नको होतं.

तुमच्याशी मी मराठीत कधी बोलले नाही. घरात आपण अहिराणीच बोलायचो. मराठी शाळेत होती, कचेरीत होती, तुमच्या दुकानाच्या पाटीवर होती. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण लिहायचं म्हटलं की माझा हात तिकडेच वळतो. तुमचं बोलणं मात्र आहे तसंच ठेवते. ते मराठीत आणलं तर तुम्ही कुणीतरी दुसरेच व्हाल.

शहाद्याचं आपलं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथे लग्नाचं बिछायत सामान, गॅसबत्त्या, बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर आणि दोन कर्णे. दिवाळीनंतर तुम्ही नंदुरबारहून सुरतेची गाडी धरायचात आणि लग्नसराईपुरत्या रेकॉर्डी घेऊन यायचात. त्या वर्षी सुरतेत विलायतेहून परतलेल्या एका कुटुंबाचं सामान विकायला निघालं होतं. त्यातला एक गठ्ठा तुम्ही न बघताच उचललात. घरी सोडला तर त्यात भजनं होती, गरबे होते आणि तळाशी ही एक, ताटाएवढी. वेष्टणावर खांद्यापर्यंत केस वाढलेले चौघे जण होते. तुम्ही ते उजेडात धरलंत आणि म्हणालात, "चार गडी, आनि एकले बी न्हावी भेटना नई." मग लावलीत. आधी नुसती खरखर आली, मला वाटलं रेकॉर्ड खराब आहे. मग त्या खरखरीतूनच एक सूर उठला आणि वर चढत गेला, आणि मला कळलं की खरखर हाच त्या वाद्याचा आवाज आहे. त्याच्या मागून ढोल आले. माझ्या दंडावर काटा आला. आमच्या कॉलेजात एका कवितेवर दोन-दोन तास बोलत असत आणि असा काटा कधी आला नव्हता.

पण आपल्या रेकॉर्ड प्लेयरच्या पेटीतला स्पीकर वाटीएवढा होता, आणि शेजारच्या मारवाडी काकांना दुपारी झोप लागे. आवाज दाबून ठेवावा लागायचा. मला ती रेकॉर्ड मोठ्यानं ऐकायची होती. मोकळ्यावर, दोन्ही कर्ण्यांतून, एकदाच. कर्णे कामाशिवाय बांधायचे नाहीत असं तुमचं होतं, म्हणजे लग्नातच ते शक्य होतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "वळख काय देशी?"

हा नियम मला ठाऊक होता. मी चौथीत असताना, चावीचा फोनो होता तेव्हा, एका हळदीत तुम्ही नवीन आणलेली रेकॉर्ड न ऐकताच लावली होती. निघालं ते सासरी जाणाऱ्या मुलीचं रडगाणं. नवरीनं हुंदका दिला, तिच्यामागून बायका रडू लागल्या, आणि नवरीची आत्या हळदीच्या हातांनी तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. "आम्ही हळद लाई ऱ्हायनूत, आनि तू पोरले वाटे लावी ऱ्हायना?" तुमच्या सदऱ्यावर तिची पाचही बोटं उमटली. त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक रेकॉर्ड घरी ऐकून मगच नेऊ लागलात, आणि मांडवात लावण्याआधी तिची ओळख देऊ लागलात. बिनओळखीचा पाहुणा मांडवात बसवत नाहीत, असं तुम्ही म्हणायचात. अजून दिसतं मला. तुम्ही माइकवर दोनदा फुंकता, घसा खाकरता आणि सांगता, "आते जे गानं येई ते पंगतनं शे. सावकाश शे. जेवानी घाई करू नका." किंवा, "ह्या गानामा बाई भलती उंच जास. पाळनामाधला पोरे उठतीन, पन ऐका." लोक हसतात आणि मग खरंच ऐकतात. तुमचं सगळं पटायचं असं नाही. सनईशिवाय दुसरं फुंकायचं वाद्य तुम्हाला चालत नसे. क्लॅरिनेट लागलं की तुम्ही तोंड वाकडं करायचात आणि माइकवरही तसं सांगायचात. एका बँडवाल्यानं त्यावरून तुमच्याशी वर्षभर बोलणं सोडलं होतं.

मी ओळख तयार करायला बसले. चार दिवस, मारवाडी काका जागे असतील त्या वेळात, रेकॉर्ड लावून शब्द पकडायचा प्रयत्न केला. एखादा शब्द हाती लागे, पुढचे तीन सुटत. जे लागत त्यांचा एकमेकांशी संबंध नसे. मग मी मराठीत एक परिच्छेद लिहिला. त्यात 'विद्रोह' हा शब्द होता आणि 'युगाची तगमग' होती. तो तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही नीट ऐकून घेतलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "चांगलं शे. हाई कोनी मरनं का मंग म्हनाले चाली." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला राग आला, मग मीही हसले. कागद चुलीत गेला. दुसरी ओळख काही सुचली नाही. तरी लग्नाच्या सामानात मी ती रेकॉर्ड ठेवली, आणि तुम्ही ती बघूनही काढली नाहीत.

लग्न तापीकाठच्या एका गावात, गुजरांच्या मोठ्या घरात होतं. गावाभोवती केळीच्या बागा. एक कर्णा दारच्या कडुलिंबावर बांधला, दुसरा घराच्या धाब्यावर. वऱ्हाड म्हसावदहून आलेलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेत उतरलेलं. तिथे नवरदेवाचा मामा रुसून बसला. त्याला गूळपाणी उशिरा मिळालं होतं. दोनदा माणसं समजवायला गेली, दोनदा परत आली. मामा उठेना, म्हणून नवरदेव निघेना. मांडवात माणसं पेंगू लागली, स्वयंपाकाच्या बायका पदरानं वारा घेत बसल्या. तुमच्याजवळच्या सगळ्या रेकॉर्डी दोन-दोनदा वाजून झाल्या. नवरीचे आजोबा काठी टेकत आपल्या टेबलापाशी आले. घरात ते गुजरीत बोलत, आपल्याशी अहिराणीत. म्हणाले, "काय रे, तेच ते वाजाडी ऱ्हायना. नवं काई नई का?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "शे," तुम्ही म्हणालात. "पन तिनी वळख हाई पोर दी."

आजोबांची बहीण मागेच उभी होती. ती म्हणाली, "पोर बोली का माइकवर? चार मानसेमा?"

तुम्ही माइक माझ्या हातात दिलात आणि तिला म्हणालात, "रेकॉर्ड तिनी शे, अक्का. मंग कोन बोली?"

रेकॉर्ड माझी आहे हे मला तेव्हाच कळलं. मी माइकवर फुंकलं नाही, घसाही खाकरला नाही. दोन्ही विसरले. समोर सगळं गाव होतं आणि मराठीतला एक शब्द आठवत नव्हता. मग जे आलं ते अहिराणीत आलं. मी म्हणाले, "मंडळी, हाई रेकॉर्ड विलायतनी शे. गानारा काय म्हनस ते माले समजत नई. तुमले बी समजाव नई. म्हनीसन आपन सगळा सारखाच." कुणीतरी हसलं. मला जरा धीर आला. "यामा एक तारनं वाजं शे, त्याले वीज जोडेल शे. ते पहिले खरखर करस, जशी पीठनी चक्की सुरू व्हताना करस. मंग ते गास. मंग गानारासंगे भांडस. गडी एक बोलस, वाजं दोन बोलस. घाबरू नका. भांडन काई मिटत नई, पन शेवटले दोन्ही थकतस आनि हासतस. ऐका."

तुम्ही सुई ठेवलीत.

बापू, मी नंतर मुंबईत ती रेकॉर्ड चांगल्या यंत्रावर ऐकली. तिच्यात खाली एक जाड, गोल आवाज सतत चालत असतो, त्याच्यावर सगळं उभं असतं. कर्ण्यातून तो आवाज निघत नाही. कर्णा फक्त वरचं घेतो आणि फेकतो. म्हणून त्या दुपारी आपण जे ऐकलं ते नुसतं वीज जोडलेल्या तारेचं ओरडणं होतं, आणि ते लिंबावरून निघून केळीच्या बागांवरून नदीकडे गेलं. कुत्री उठली. पेंगणारे उठले. स्वयंपाकाच्या बायका झारे हातात धरून मांडवाच्या दाराशी आल्या. आजोबा काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते. वाजं आणि गाणारा एकमेकांवर चढू लागले तशी त्यांची बहीण म्हणाली, "हाई ते आमना घरनंच भांडन शे," आणि मांडव हसला. अँप्लिफायरच्या बटणाशेजारी तुम्ही तांबड्या रंगाचा एक ठिपका दिला होता. त्याच्या पुढे गेलं की कर्ण्याचं युनिट जळतं, म्हणून तुमचा हात तिथेच थांबायचा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी काय करत होते मला माहीत नाही, बहुतेक हसत होते. तुम्ही बटण ठिपक्याच्या पुढे नेलंत.

तेवढ्यात शाळेकडून नवरदेवाचा मामा स्वतःच धावत आला, फेटा हातात, मागे सात-आठ माणसं. "काय चाली ऱ्हायनं आठे?" तो ओरडला, पण त्याचं ओरडणं कुणाला ऐकू जाईना. आजोबांनी त्याला हातानंच जवळ बसवलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "तुमना रुसवा काढाकरता विलायतथीन गडी बलायात." मामानं चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला. मिशी हलू लागली. त्यानं फेटा मांडीवर ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. सुई वर आली तेव्हा तो रुसवा विसरला होता. माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "अजून शे का?"

होती. लावली. नवरदेव त्यातल्याच कुठल्याशा गाण्यावर मांडवात आला. घोडा बिचकला, पण आला.

पुढे मी बरीच वर्षं हेच केलं. सत्तरनंतरच्या त्या रेकॉर्डी, एका बाजूला एकच गाणं असलेल्या, वेष्टणावर चित्रं आणि आत शब्दांचा कागद असलेल्या, मी एकेक करून ऐकल्या आणि एका साप्ताहिकात त्यांची ओळख दिली. संपादक त्याला परीक्षण म्हणत. माझं पहिलं छापून आलं तेव्हा तुम्ही नव्हतात. लिहिताना मी आधी सगळं कर्ण्यातून वाजवून बघते, मनातल्या मनात. वरचं तेवढं उरलं तरी गाणं उभं राहतं का, एवढं बघते. काही फार नावाजलेल्या रेकॉर्डी तिथेच खाली बसतात. काही, ज्यांची कुणी दखल घेतली नाही, त्या केळीच्या बागांवरून पार जातात. त्यांच्याविषयी लिहिताना मला फार आनंद झाला. एका बाईंनी नाशिकहून मला कळवलं होतं, "तुमचं वाचून मी रेकॉर्ड घेतली, आता माझे सासरे ती रोज मागतात." ते मला तुम्हाला दाखवायचं होतं.

हे मी कुठे पाठवणार नाही. पाठवायला जागा नाही, आणि तुम्हाला माझं मराठी लांबलचक वाटलं असतं. एक गोष्ट मात्र संपादकांना कधी सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. त्या गाणाऱ्यांचे निम्मे शब्द मला अजून कळत नाहीत.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबावरचा कर्णा मुका होता. तुम्ही तो उतरवलात, मागचं झाकण खोललंत, जळालेली तार बोटावर घेऊन मला दाखवलीत, आणि आजोबांच्या घरातून दोन कप चहा मागवलात.