पहाऱ्याच्या वहीतलं नाव

जेम्सटाउन, नॉर्थ डकोटा
९ फेब्रुवारी २०१७

प्रिय वेंडेल,

तुझं पत्र पोचलं. तू आणि मार्वावहिनी खुशाल असाल असं लिहायची रीत आहे, पण पाकिटावरचं ते थरथरतं अक्षर तुझं आहे हे मला दोनदा नाव वाचून पटलं.

इथे कमरेएवढं बर्फ. डार्लीनने गुडघा बदलून घेतलाय. आता बायको माझ्यापेक्षा भरभर चालते आणि दुप्पट बोलते.

माजी सैनिकांच्या कचेरीने तुझा पेन्शनचा अर्ज फेटाळला हे वाचून मी अशी शिवी हासडली की डार्लीन ओरडली, "अरे, शेजारी पाद्रीबुवा राहतात!" मग मी पुढचं पान उलटलं. अरे देवा! व्हिएतनाम युद्धातल्या आपल्या थायलंडच्या तळावरच्या पहाऱ्याच्या वहीची नक्कल. उत्तरेचं कुंपण, अकरा महिने, पानापानावर माझं नाव. तुझं नाव कोठाराच्या टेबलावर. खाली शेरा : तणनाशकाच्या फवारणीच्या जागी अर्जदार नव्हता, सबब त्याचा कंपवात सैन्यातल्या नोकरीमुळे नाही.

तू लिहितोस, "आपण पाळ्या बदलायचो एवढं लिहून दे, तीन मार्चला अपिलाची सुनावणी आहे." बदलायचो! किती सांभाळून घेतोस रे मला! बदल एकदाच झाला आणि अकरा महिने तसाच राहिला. मनोऱ्यावरचा पहारेकरी गोळी लागून पडला आणि माझी दातखीळ बसली. तू म्हणालास, "जा भित्र्या, माझ्या जागी कोठारात घोंगड्या वाट. सार्जंटला कशाला सांगायचं? वही कोण बघतंय?" सगळेच तसं करायचे. त्या कुंपणाशी गवताचं पातंही जगत नव्हतं. ते तणनाशक तुझ्या बुटांत मुरत होतं आणि मी सावलीत बसलो होतो.

आता ऐक. सहा वर्षांपूर्वी मला साखर निघाली. आईला होती, मावशीलाही होती. तरी ती त्या तणनाशकामुळेच झाली म्हणून मी पेन्शनचा अर्ज केला. कारकुनाने हीच पानं पुढे ठेवून विचारलं, "कुंपणावर तुम्हीच ना?" मी मान हलवली. मंजूर झालं! तुझ्या पहाऱ्याची पेन्शन मी खातोय, वेंडेल. वाटलं होतं, यात कुणाचं काय जातंय? तुझं जाईल हे डोक्यातच आलं नाही. खरंच सांगतो, नाही आलं.

डार्लीनला काल सांगितलं. आधी रडली. मग म्हणाली, "पेन्शन जाईल, खटलाही होईल. तरी लिही. नाही लिहिलंस तर माझ्याशी बोलू नकोस."

लिहिलं. पाळी कुणाची, उभं कोण राहिलं, मान कुणी हलवली, सगळं. नोटरीसमोर सही केली. कचेरीची प्रत सकाळीच टपालात टाकली आणि मगच तुला लिहायला बसलो. उलट केलं असतं तर माझा धीर सुटला असता.

सुनावणीला येतोय. तू बोलला नाहीस तरी मागच्या बाकावर बसेन.

हे पत्र हवं तर फाडून टाक. सोबतचा कागद मात्र फाडू नकोस.

रॉस्को