गेली, असं बायजाकाकू म्हणाली

३ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर पुन्हा घरोघर. मतदार यादी. आज तेलीआळी उरकली. चौथीच्या गणिताच्या वह्या तीन दिवस तशाच पडल्यात, पण पोरांना विचारतो कोण. या दिवसांत मी गुरुजी नसतोच, बीएलओ असतो. लोकही दारात बघून तोंड वाकडं करतात, जणू मी वर्गणी मागायला आलोय.

रिबकामावशीच्या दाराला कुलूप. चौकटीवरची ती त्यांची प्रार्थनेची लाकडी डबी तेवढी होती. शेजारची बायजाकाकू पडवीत वाल सोलत बसलेली. तिला विचारलं. मान वर न करता म्हणाली, "ती गेली ना, गुरुजी. समदीच गेली त्यांची."
कधी? तर, पाऊस लागायच्या आधी.

वाईट वाटलं. गावातलं शेवटचं यहुदी घर. बाकीचे मी लहान असतानाच इस्रायलला गेलेले, ही एकटी राहिली होती. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. जास्त खोदून विचारणं बरं दिसेना. पंचनाम्यावर काकूचा अंगठा, नाक्यावरच्या पानवाल्या किसनची सही. नावापुढे शेरा लिहिला: मयत.

शै. असती तर म्हणाली असती, मातीला तरी जायला हवं होतं तुम्ही. बायको जाऊन दीड वर्ष झालं.

७ ऑगस्ट
पेण. रस्त्यात गणपतीचे टेम्पो, एस. टी. अर्धा तास एका जागी. ऑफिसात फॉर्म जमा केले. साहेब म्हणाले, तुमची यादी स्वच्छ असते गुरुजी. इतर जण मयतांची नावं वर्षानुवर्षं ठेवतात.
घर क्र. ४१, माझ्या नावाखाली शै. चं नाव तसंच आहे. फॉर्म ७ पिशवीत होता, कोरा. काल रात्रीपर्यंत भरणार होतो. 'वगळण्याचे कारण' या रकान्यापाशी आलो की पेन चालत नाही. दुसऱ्यांच्या बायकांच्या नावापुढे बरं भराभर चालतं.
पुढच्या फेरीला करू.

१९ ऑगस्ट
रोह्याला मनूकडे. पोरगी तिथे अष्टमी भागात राहते, जावई धाटावच्या कारखान्यात शिफ्टला गेलेला. भाकरी टाकता टाकता विचारलं, बाबा, यादीतून आईचं नाव काढलंत का? हो म्हणालो. तिने मान हलवली, पुढची भाकरी टाकली. पोटच्या पोरीशी खोटं बोललो, तेही कशासाठी, तर एका ओळीसाठी.

२ सप्टें.
दत्ता आला. चुलत भाऊ, पण घर भिंतीला भिंत लागून. शै. च्या नावावरच्या तीन गुंठ्यांची वारस नोंद करून देतो म्हणाला, तलाठ्याकडे त्याचं रोजचं जाणं-येणं. तिची सगळी कागदं मागितली. पिशवीच उचलून दिली. मला ती उघडवत नाही. जाताना म्हणाला, ग्रा.पं. ची निवडणूक लागणार दिवाळीनंतर, बायकोला, वनिताला, उभी करतोय, बायकांची जागा आहे. करा म्हटलं. वनिता स्वभावाने बरी आहे. दत्ताचं काय ते सगळ्या गावाला ठाऊक.

२८ सप्टें.
आज जे झालं ते लिहायची लाज वाटते.
मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी रिबकामावशी. काळा चष्मा, हातात पिशवी. मी पायरीवर तसाच उभा. ती हसून म्हणाली, "काय गुरुजी, भूत बघितलंत?"
ठाण्याला भाचीकडे गेली होती. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, एकामागून एक. मग भाचीने पाऊस संपेपर्यंत सोडलं नाही. बस्, एवढंच. कासू स्टेशनला उतरली, रिक्षाने आली, घर झाडलं, आणि शै. चं कसं चाललंय... नाही, शै. चं नाही, माझं कसं चाललंय ते बघायला आली. पिशवीत माझ्यासाठी खजूर.
तिला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी बायजाकाकूकडे गेलो. आवाज चढला माझा. ती माझ्याहून वरचढ. "मी बोलले गेली. मेली कुठं बोलले? तुमी इचारलं पन नाय."
नाही विचारलं. मेली का, असं जित्या माणसाच्या शेजारणीला तोंडावर कसं विचारायचं? आपल्यात मेलेल्याला मेला म्हणत नाहीत आणि निघालेला जातो म्हणत नाही. या सभ्यपणापायी मी एक चालतीबोलती बाई मारली. काकूचा काय दोष. अंगठा घेताना कागद वाचून दाखवायचा असतो. मी दाखवला नव्हता.

३० सप्टें.
मावशीला सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, म्हणजे सरकारदरबारी मी मेले? किती तारखेला? म्हटलं, तारीख नव्हती टाकली. "बरं," म्हणाली, "नायतर माझ्या वर्षाची प्रार्थना कुठल्या दिवशी करायची ते कळलं असतं."
हसली. मला हसता आलं नाही. नाव पुन्हा घालायचा फॉर्म ६ तिथेच भरला. वय एक्याऐंशी. नवीन मतदार.

११ ऑक्टो.
पेण. फॉर्म घेतला, पोच दिली. पण ग्रा.पं. ला जी यादी वापरणार ती आधीच्या तारखेची. त्या तारखेनंतरचं नाव या निवडणुकीला चालत नाही. नियम आहे, कारकून तरी काय करणार. मी म्हटलं, बाई जिवंत आहे हो. तो म्हणाला, गुरुजी, मयत तुम्हीच लिहिलंत ना? खाली माझीच सही दाखवली. अक्षर सुंदर आहे माझं.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे फाशी देणाराही मीच.

१५ ऑक्टो.
मावशीला मत देता येणार नाही हे सांगून आलो. ती नेहमी सकाळी पहिली असायची. शै. आणि ती, दोघी सातच्या आधी शाळेच्या फाटकाशी. शै. म्हणायची, पहिली शाई आमची. मावशी एवढंच म्हणाली की लग्न होऊन इथे आल्यापासून एकही मत चुकवलेलं नाही. सगळे निघाले तेव्हा हिचा नवरा तेलाचा घाणा सोडून जाईना. तो वारल्यावर भावाने तिकीट पाठवलं, तरी ही गेली नाही. म्हणे, तिकडे मला कोण ओळखतं.
आणि इथे मी ओळखलं, ते असं.

मतदानाची आदली संध्याकाळ
शाळेच्या भिंतीवर यादी चिकटवली. गैरहजर, स्थलांतरित, मयत यांची वेगळी यादी मीच केली, केंद्रावर दिली; त्यातल्या नावाने कुणी आलं तर आत अडवतात. त्यात शै. चं नाव घालायचं होतं. या यादीला फॉर्म लागत नाही, साहेब लागत नाही, नुसती एक ओळ. घातली नाही. सगळं गाव तिच्या मातीला होतं, कोण कशाला काय करतंय, असं मनाला सांगितलं.

मतदानाचा दिवस
फाटकाबाहेर टेबल टाकून बसलो, यादी क्रमांक शोधून द्यायला. सातला मावशी आली. म्हटलं, मावशी, आज नाही हो. म्हणाली, ठाऊक हाय, नुसती आले. नव्या डोळ्यांनी भिंतीवरची यादी वाचत उभी राहिली, एकेका नावावर बोट ठेवून. आपली ओळ नाही हे बघितलं, मग खाली माझं घर सापडलं. मला हाक मारून म्हणाली, "शैला हाय की यात. बरं झालं. दोघींतली एक तरी हाय."
खोचून बोलली नाही. तसं बोलली असती तर बरं झालं असतं. नऊपर्यंत वडाखाली बसली, मग घरी गेली.

संध्याकाळी मतदान संपल्यावर समोरच्या पार्टीचा एजंट आला. माझाच जुना विद्यार्थी, पुढे नववीत दोनदा बसलेला. जवळ वाकून म्हणाला, गुरुजी, बाईंचं मत झालं बरं का दुपारी. कुठल्या बाईंचं? तर, आपल्या बाईंचं. घर ४१.
मी विचारलं, तू आत होतास, हरकत का नाही घेतलीस? म्हणाला, हरकत घेतली असती तर त्यांनी आमच्या म्हाताऱ्यांवर घेतली असती. आमचेही दोघे वरून येऊन गेले.
कार्ड दाखवलं होतं म्हणे. शै. चं. मी दिलेल्या पिशवीतलं.

दुसरा दिवस
वनिता निवडून आली. फार थोड्या मतांनी. गुलाल माझ्या ओट्यापर्यंत. दत्ता पेढे घेऊन आला. त्याला आत घेतलं, दार लावलं, विचारलं. नाकारलं नाही त्याने. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला.
"दादा, वहिनी असती तर तिने आपल्यालाच दिलं असतं ना?"
हो, दिलं असतं. वनितावर तिचा जीव होता. पण ते तिने दिलं असतं, हरामखोरा, तिने. कुणा दुसरीने तिचं नाव सांगून, तिच्या नावाची शाई लावून घेऊन नव्हे. त्या बाईला विचारलं असेल ना आत, नाव काय? ती म्हणाली असेल, शैला. त्याच खोलीत, जिथे मनू पहिलीत असताना शै. तिला आणायला यायची.
पेढे तिथेच पडलेत. मुंग्या लागल्या.
आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार केली तर वनिता जाईल, दत्ता जाईल, आणि पहिला प्रश्न मला: बीएलओ गुरुजी, तुमच्या घरातली मयत दीड वर्ष यादीत काय करत होती? खरं उत्तर साहेबांना कसं सांगू? की यादीत तेवढीच उरली होती, म्हणून.

चार दिवसांनी
मावशीने बोलावलं. चटईवर कागद, पेन तयार. डोळे अजून दुखतात, अर्ज तुम्ही लिहा म्हणाली, अक्षर चांगलं तुमचं. तिने सांगितलं तसं लिहिलं. मी जिवंत आहे. मला मयत कोणी लिहिलं त्याची चौकशी व्हावी. स्वतःविरुद्धचा अर्ज स्वतःच लिहिला, शुद्धलेखनाची एक चूक नाही. तिने खाली सही केली, ठसठशीत.
मग म्हणाली, आता शैलाचं लिहा.
म्हणजे तिलाही कळलंय. गावात कुणाला कळलेलं नाही? सगळ्यांना ठाऊक आणि सगळे पेढे खाऊन मोकळे.
म्हटलं, मावशी, घरातली गोष्ट आहे. ती म्हणाली, "मी जिवंत असून मला देऊ दिलं नाय. तिला मेल्यावर तरी सुखाने मरू द्या, गुरुजी."
मेल्यावर. इतक्या दिवसांत तो शब्द शै. साठी पहिल्यांदा कुणी वापरला. ऐकून बरं वाटलं, आणि मग तिथेच चटईवर रडलो. मावशी उठून पाणी घेऊन आली.

घरी येऊन फॉर्म ७ भरला. नाव, घर क्र., कारण: मयत. सोबत मृत्यूचा दाखला, माझ्याकडे राहिलेली दुसरी प्रत. त्यावर तारीख आहे, मतदानाच्या कितीतरी आधीची, म्हणजे आणखी काही सिद्ध करायलाच नको. जोडीला तक्रार, दत्ताचं नाव घालून. सही तेवढी राहिलीय. मावशीच्या अर्जासकट सगळं पिशवीत घातलंय. साडेनऊची पेण गाडी आहे.

आत्ता दिवेलागणीला मावशी कुंपणापाशी येऊन गेली. आत नाही आली. विचारलं, गुरुजी, उद्या जाता ना?
"येतो," म्हणालो. सवयीने.