जावयाला कोण बोलणार?

वणी,
शनिवार, दुपार

प्रिय सुरभी,

पत्र बघून हसू नकोस. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. मी तुझ्या नवऱ्याचं नाव काढलं की तू 'आई, बँकेत गर्दी आहे' म्हणून फोन ठेवतेस, तेही रविवारी. तुम्ही दोघं महिनाभर एकमेकांशी धड बोललेला नाहीत, हे मला कळत नाही असं समजू नकोस. इतकी वर्षं शाळेत शिकवतेय, रुसलेली पोरं मला पाठमोरीसुद्धा ओळखू येतात. हे पत्र ज्याने आणून दिलंय त्याला आधी पंख्याखाली बसव, पाणी दे, आणि वाचून होईपर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलू नकोस. आधी मला माझं रडगाणं गाऊ दे. या उन्हाळ्यात मी काय सोसलं ते माझं मला माहीत.

अधिक महिना लागला म्हणून मी तुम्हा दोघांना धोंडे जेवायला बोलावलं. तुला सुट्टी मिळाली नाही, पियुषराव एकटेच आले. मी ओवाळलं, तेहतीस अनारसे दिले, नवा शर्ट दिला. दोन दिवस राहतील, जातील, असा माझा हिशेब. पण जेवून उठले ते थेट बाबांच्या लाल गाडीकडे गेले. गाडी वर्षभर निळा धूर सोडत होती आणि ऑइल पीत होती, तरी मी तिच्यातच शाळेत जात होते. यांनी बॉनेट उघडलं, प्लग काढून उन्हात धरला आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, 'आई, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन उघडावं लागेल. गॅरेजला कशाला, मीच करतो.' ऑफिसचं काय विचारलं तर म्हणाले, घरून काम आहे. आता सांग, जावयाला 'नको' कसं म्हणायचं? मी म्हणाले, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. माझ्या या एका वाक्याने माझा घात केला.

शेजारच्या मारोतरावांकडून साखळीची पुली आणली, ती शेडच्या लोखंडी अँगलला टांगली, आणि इंजिन बाहेर निघालं. बाहेर निघालं ते माझ्या स्वयंपाकघरात शिरलं. पिस्टन पुरणाच्या परातीत. इडलीपात्राच्या खळग्यांत व्हॉल्व्ह, का तर त्यांचा क्रम चुकायला नको. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा कणा, आडवा ठेवला तर वाकतो आणि धुळीत ठेवला तर खराब होतो, म्हणून तो देवघराच्या कोपऱ्यात उभा. मैनाबाई सकाळी भांडी घासायला आली, तिला वाटलं अधिक महिन्याचं काहीतरी असेल, तिने त्याला हळदकुंकू वाहून नमस्कार केला. पियुषरावांनी ते कुंकू टूथब्रशने साफ केलं. मी फ्रिज उघडला की डब्याआडून रबरी ऑइल सील बघत असायचे. चंद्रपूर रोडच्या लेथवाल्याने इंजिनाचा ब्लॉक बोअर करून, म्हणजे आतून कोरून दिला, तो माझ्याच दुपट्यात गुंडाळून घरी आला.

बरं, तेवढ्यावर भागेल तर शपथ. इंजिन लेथवर होतं तेव्हा त्यांनी गाडीचा बाहेरचा रंग चमकवायला घेतला. वणीत नळ एक दिवसाआड येतो, ते तुला माहीत आहे. आणि यांना गाडी धुवायला दोन बादल्या हव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक साध्या पाण्याची. उन्हात धुतली तर डाग पडतात म्हणून पहाटे, म्हणजे नेमकं मी पाणी भरत असते तेव्हा. भांड्याचा साबण चालत नाही. पॉलिश पुसायला मऊ सुती कापड पाहिजे, म्हणून माझं ठेवणीतलं नागपुरी पातळ फाडलं. 'जुनंच दिसत होतं, आई.' जुनं! तुझ्या बारशाचं ते. आणि कळस म्हणजे मला उन्हात नेऊन बॉनेटवरच्या गोल गोल रेषा दाखवल्या. इथं कोळशाची धूळ बसते आणि तुम्ही ती कोरड्या फडक्याने पुसता, हे सगळे ओरखडे तुमच्या फडक्याचे आहेत म्हणे. सुरभी, बाबा गेल्यापासून रोज सकाळी शाळेत निघायच्या आधी मी ती गाडी पुसते. मी आत येऊन पोळ्या लाटल्या. त्या दिवशी पोळ्या कागदासारख्या झाल्या असतील, इतक्या जोरात लाटल्या. पण बोलले काही नाही.

याच दिवसांत मला काहीतरी खटकायला लागलं. सकाळी नऊच्या ठोक्याला लॅपटॉप उघडायचा, दार लोटून घ्यायचं. मी चहा घेऊन गेले की पडद्यावर कोणी गोरा माणूस पिस्टनवर रिंगा चढवत असायचा. ना मीटिंग, ना साहेबाचा फोन. आमच्या गल्लीत मात्र मीच सांगत फिरत होते, जावई नागपूरला एवढ्या मोठ्या कंपनीत आहे, पण बघा किती साधा, सासूची गाडी दुरुस्त करतोय. हे ऐकलं की ते मान खाली घालून कुठलातरी नट घासत बसायचे. मला वाटायचं, लाजाळू आहेत.

आता मुख्य गोष्ट ऐक. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारा एक दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला अर्धगोल टोपी नटांनी आवळलेली असते. दांडा आणि त्याची टोपी कारखान्यात एकत्रच घडवतात, एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. आपल्या गाडीत असे तीन दांडे. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, मी लसूण सोलत होते तेव्हा. जोड्या मिसळू नयेत म्हणून त्यांनी मार्करने सगळ्यांवर एक, दोन, तीन लिहिलं होतं. मग ते सगळे सुटे करून माझ्या निळ्या टबात डिझेल ओतून धुवायला टाकले. मी चहा घेऊन दारात उभी. माझ्या डोळ्यांदेखत शाई जांभळी होऊन डिझेलमध्ये उतरली आणि आकडे गेले. त्यांची टबाकडे पाठ होती. तोंडात आलं होतं, अहो बघा, बघा! आणि मी काय बोलले? 'जावईबापू, चहा गरम आहे तोवर घ्या.'

मारोतरावांनीही भिंतीवरून पाहिलं. उभा जन्म कोळशाच्या ट्रकवर काढलेला माणूस. मला बाजूला बोलावून म्हणतात, 'वहिनी, जोड्या मिसळून राह्यल्या ना जी त्यायच्या.' मी म्हटलं, मग सांगा ना त्यांना. तर म्हणे, 'दुसऱ्याच्या जावयाले म्या कायले बोलू? तुमचा जावई हाये, तुमी सांगा.' असे आम्ही दोघं शहाणे. एक भिंतीपलीकडे गप्प, एक अलीकडे.

व्हायचं तेच झालं. टोप्या हाताला येतील तशा लावल्या, बाकी रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत, नट मापाच्या पान्याने आवळले, सगळं पुस्तकात असतं तसं. आणि क्रँकशाफ्ट हाताने फिरेना. पियुषरावांनी हात पुसले. टबाकडे बघितलं, दांड्यांकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं होतं, मी शपथेवर सांगते. मग त्यांनी एक लांब पाइप लावून जोर केला, इंजिन कण्हत अर्धा फेर फिरलं, आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, 'नवीन काम आहे ना आई, सुरुवातीला जड राहतं.' आणि इंजिन गाडीत बसवायला पुलीची साखळी ओढू लागले.

तिथं माझं डोकं फिरलं. शाळेतली भाषा गेली, आपली वणीची आली. 'काहून खोटं बोलून राह्यला रे पियुष? तुये आकडे त्या टबात धुतल्या गेले, मी पाह्यलं! तुले मालूम हाये अन् तरी बसवून राह्यला?' एकदा तोंड सुटल्यावर मग पातळ काढलं, पाणी काढलं, फ्रिज काढला, देवघर काढलं. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मारोतराव धावत आले, 'वहिनी, वहिनी, जावई हाये तो!' मी म्हटलं, 'पोरगं हाये माहं. तुमी घरात जा.'

पियुष टायरवर बसला. हो, इथून पुढे मी त्याला अरे-तुरेच करणार आहे. तोंड झाकून रडला गं तो. माझ्या पातळाच्या चिंधीने डोळे पुसले तर सगळा चेहरा ऑइलने काळा झाला, आणि मला हसावं की रडावं कळेना. मग म्हणाला, 'आई, तुम्ही आज पहिल्यांदा मला रागावलात. लग्न झाल्यापासून या घरात माझं कधी काही चुकलंच नाही. मग चुकलेलं सांगायचं कुठं?'

आणि मग सगळं सांगितलं. होळीच्या आधीच त्याची नोकरी गेली. अख्खा विभाग बंद केला, एका दुपारी सगळ्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून तो तुझ्यासमोर डबा घेऊन निघायचा आणि वाचनालयात बसायचा, अर्ज करायचा. माझं धोंड्याचं बोलावणं आलं तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. तुला काय तोंड दाखवायचं म्हणून गाडी उघडून बसला, आणि गाडी लवकर होऊ नये असंही मनात होतं म्हणे. तुझ्याशी क्षुल्लक कारणावरून भांडायचा ते मुद्दाम. भांडण झालं की तू बोलणं बंद करतेस, आणि तू बोलत नसलीस की त्याला काही सांगावं लागत नाही. इतकी शिकलेली माणसं तुम्ही! मी कपाळाला हात लावला. पण त्याला काय बोलू, मी स्वतः टबापाशी चहाचा कप धरून उभी होते.

रडून झालं आणि आम्ही इंजिन पुन्हा उघडलं. या वेळी मीही खाली बसले. प्रत्येक दांड्याला एकेक टोपी लावून बघायची आणि सांध्यावर नख फिरवायचं. जोडी खरी असेल तिथं नख अडकत नाही. त्याची नखं घासून गेली होती, माझं चाललं. बेअरिंग नवे घातले. आणि आता मार्कर नाही, टोकदार लोखंडी पंचाने ठोकून खुणा केल्या, एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. नंतर क्रँकशाफ्ट हाताने फिरवला तर जात्यासारखा फिरला. गाडी सुरू झाली तेव्हा आधी थोडा धूर आला, मग स्वच्छ. मारोतरावांनी नारळ फोडला. त्यांना आता सगळं सुचतं. पियुषने मला गाडी पुसायलाही शिकवलं, आधी पाणी सोडून धूळ वाहू द्यायची, मग कापड. गोल रेषा बऱ्याच गेल्या. उरलेल्या घासल्या तर रंगच उडेल म्हणाला. मी म्हटलं राहू दे, त्या माझ्या आहेत.

नव्या इंजिनाला सुरुवातीला दामटायचं नसतं म्हणे. म्हणून तो उद्या पहाटे वरोऱ्यावरून हळूहळू नागपूरला येईल. 'आई, सुरभीला तुम्हीच फोन करून सांगा ना' म्हणून दोन दिवस माझ्या मागे लागला होता. मी साफ नाही म्हटलं. हे पाकीट आता त्याच्या हातात देणार आणि बजावणार, आधी तू तुझ्या तोंडाने सगळं सांगायचं, मग पाकीट द्यायचं. सांगणं झालं नाही तर पाकीट तसंच परत आण, मी गल्ली गोळा करून पुन्हा बोलेन. म्हणजे सुरभी, हे पत्र तुझ्या हातात आहे याचा अर्थ त्याने तुला सांगितलंय. आता मला भीती तुझी आहे. तू चिडलीस की गोड बोलतेस. 'ठीक आहे, हरकत नाही' म्हणतेस आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावतेस. तुझे बाबाही असेच होते, आणि त्या बंद दाराबाहेर मी किती उभी राहिले ते तुला माहीत नाही. तसं करू नकोस. त्याला बोल. चांगलं खणखणीत बोल, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं तरी चालेल. होळीपासून तो त्याचीच वाट बघतोय. मग जेवायला वाढ, डब्यात धोंडे दिलेत. पुढच्या आठवड्यात माझी शाळा उघडते, तेव्हा गाडी घेऊन दोघं या. झालं वाचून? तो अजून पंख्याखालीच बसला असेल. आता बोल त्याला.

तुझीच,
वैतागलेली आई