हिरव्या ज्वारीच्या चार बाटल्या

मी, श्रीमती उज्वला शेषेराव बिराजदार, वय ६३, राहणार मुरुड, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहीत आहे. सोमवारी लातूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. भीती वाटते, पण बुद्धी जागेवर आहे.

१. घर व तीन एकर शेत मुलगा बालाजी यास. अट एकच: विहिरीकडच्या कांद्याच्या वाफ्यांत बुरशीनाशक ओतायचे नाही. एकदा त्याने ते माझ्या ट्रायकोडर्माच्याच, म्हणजे पीक राखणाऱ्या बुरशीच्याच, ड्रममध्ये मिसळले आणि वर म्हणाला, "दोन्ही औषधंच की." मी ते विसरलेले नाही.

२. फ्रिजमधल्या चार बाटल्या. कांद्याची मूळकूज रोखणारी ही ट्रायकोडर्मा बुरशी मी अकरा वर्षे ज्वारीच्या दाण्यांवर जगवली. दर तीन महिन्यांनी तिला नवी ज्वारी लागते. या वेळची तारीख गुरुवारी आहे. तेव्हा मी कुठे असेन, या विचाराने झोप लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी सून आरतीने दिवाळीच्या सफाईत सगळ्या बाटल्या उकिरड्यावर ओतल्या. "आई, ज्वारी पार बुरसली होती हो." आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. शेजारच्या रईसाकडे दिलेल्या एका बाटलीवरून पुन्हा सुरुवात केली. पण त्या उकिरड्याचे खत पडले त्या वाफ्यांतला कांदा सडला नाही. हे तिला मी कधी सांगितले नाही. आज कबूल करते.

बाटल्या रईसाला देणार होते, पण ती कायमची लेकीकडे देगलूरला निघाली आहे. म्हणून त्या आरतीला. सोबत कुकर, आणि नांदेडच्या कॉन्व्हेंटात सिस्टर मार्थांनी मला दिलेले भिंग. त्यातून त्यांनी ओल्या पावावरची बुरशी दाखवली, तेव्हा बाकीच्या मुली नाक धरून मागे सरल्या. मी ते हिरवे रान बघतच राहिले.

आरती, ज्वारी अर्धवट शिजव, बाटलीत भरून कुकरमध्ये वाफव. पूर्ण गार झाल्याशिवाय जुने दाणे घालू नकोस. गरम ज्वारीत बुरशी मरेल.

साक्षीदारांना हे वाचून दाखवत होते, तेव्हा आरती दारात उभी होती. रागावली असेल असे वाटले. ती म्हणाली, "आई, किती ज्वारी भिजवू? तुम्ही जायच्या आधी एकदा माझ्या हातून होऊ द्या. चुकले तर बोला."

दोन वाट्या, म्हटले. आता सही करते.

उज्वला शे. बिराजदार

समक्ष सह्या:
चांदपाशा इनामदार, मुरुड
नीलाबाई पांचाळ, मुरुड

मुरुड, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५