पसंतीच्या दोन साड्या

नाना, परवा धुळ्याचं दुकान बंद होतंय. तुमचं जळगावचं मूळ दुकान गेलं, मग भुसावळ, हे शेवटचं. आज कामगारांना सांगितलं. का, म्हणून विचारलं तर मी ठरलेलं उत्तर दिलं, लोक आता मोबाइलवर कपडे मागवतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्या आजारपणात तुम्हांलाही मी हेच सांगितलं होतं आणि तुम्ही ते खरं मानलंत. लेकीवर कोण संशय घेतो? पण ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं मला आत्ता झोंबतंय.

तुमच्या दुकानात गादी होती. लग्नाचा बस्ता बांधायला पंचवीस-पंचवीस माणसं यायची, दिवसभर पसरायची, भाकरी-ठेच्याची फडकी तिथंच सोडायची, आणि तुम्ही आपले "अजून दाखवतो ना, अक्का" म्हणत ढीग उपसत बसायचात. घरच्या म्हातारीला दाखवायला चार साड्या पसंतीला न्यायच्या, आवडेल ती ठेवायची, बाकीच्या परत आणायच्या. ना पावती, ना सही. माझा नुसता संताप व्हायचा. "नाना, एखादीनं नाही आणल्या तर?" तुम्ही म्हणायचात, "साडी गेली तर जाऊ दे गं, माणूस येतो ना परत." वर टोमणाही असायचाच, पोरीच्या जिभेला कात्री बांधलीये म्हणून. धुळ्याचं दुकान मी काढलं ते गादीशिवाय. तीन मजले, कपडे, भांडी, चपला, खेळणी, सगळं एका छताखाली. सरकता जिना तर असा गाजला की खेड्यापाड्यातून लोक नुसतं वर-खाली करायला यायचे. पहिल्या पायरीवर बायका एकमेकींना घट्ट धरून किंचाळायच्या. तुम्हीसुद्धा तीनदा चढलात! केवढी मिरवत होते मी.

मग त्या लग्नसराईतली ती दुपार. शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या अक्का, ज्यांच्या घरचे बस्ते तुम्ही तीन पिढ्या बांधलेत, त्या तुमच्याकडून पसंतीला नेलेल्या दोन साड्या परत करायला धुळ्याला आल्या. दुकान तुमचंच, मग जळगाव काय नि धुळं काय! गर्दीत त्यांचं गाठोडं दारात कुणी पाहिलं नाही. आत ते कुणाच्या हाती द्यावं हे कळेना, म्हणून तशाच परत निघाल्या, आणि दारावरच्या पहारेकऱ्यानं गाठोडं सोडून पाहिलं. कोऱ्या साड्या, पावती नाही. शेजारी त्यांचे नवे व्याही उभे. मला खाली बोलावलं. मी त्यांना ओळखलं, नाना. गाठोडं बघताक्षणी सगळं समजलंसुद्धा. पण कामगार बघत होते, आणि त्यांना रोज शिस्त शिकवणारी मीच. म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. बसा, जळगावला विचारते." अक्का रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, तू आमले चोर समजस का?" तासभर बसवलं मी त्यांना, व्याह्यांच्या देखत. फोन जळगावच्या तुमच्या मुनीमजींना केला आणि तुम्हांला कळू देऊ नका म्हणून बजावलं. साड्या ठेवून घेतल्या. माफी मागितली नाही.

पुढच्या वर्षी त्या गावातला एकही बस्ता आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आजूबाजूची गावं तुटली. अंथरुणावरून तुम्ही विचारत राहिलात, "शिरपूरकडची माणसं का गं येत नाहीत? आपलं काही चुकलं का?" आणि मी मोबाइलचं पुराण लावायचे. माणसं बदलली, असं समजून गेलात तुम्ही. बदलले होते मी. मेली ती शिस्त!

काल अक्कांच्या गावी गेले. म्हटलं, दुकान बंद व्हायच्या आत निदान पाय तरी धरावेत. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, पार वाकल्यात. मला ओळखलं नाही. तांब्याभर पाणी दिलं, उन्हात आली म्हणून हळहळल्या, कुणाकडे आलीस विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "शाळा कुठंय?" त्या उठल्या, काठी टेकत कोपऱ्यापर्यंत आल्या, हात करून रस्ता दाखवला आणि मी वळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. त्या बघत होत्या म्हणून मी खरंच शाळेपर्यंत गाडी नेली. फाटकापाशी थांबले, आणि दुसऱ्या रस्त्यानं निघून आले.

नाना, तुम्ही असता तर हेही तुमच्यापासून लपवलं असतं.