आमच्या घरच्या डोळ्यांचा तक्ता

१ डिसेंबर, सोमवार
आजचा तास संपूच नये वाटलं! आनुवंशिकता. उज्ज्वला मॅडमनी फळ्यावर एक अख्खं घर काढलं — बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. रंगांधळेपणा तर भलताच अजब. आईले स्वतःले काही होत नाही, पण तिच्याकडून पोराले येतो. म्हणून तिचा गोल अर्धाच काळा, अन् ज्याले आहे त्याचा चौकोन पूर्ण काळा. विज्ञान प्रदर्शनासाठी मी हाच विषय घेतला. मॅडमचं पुस्तकही मिळालं — ठिपक्यांत आकडे लपलेले, रंगांधळ्याले दिसत नाहीत.

३ डिसेंबर
आमच्या बंजारा तांड्यातले सव्वीस जण तपासले. साऱ्यायले दिसते. एक तरी सापडावा ना!

५ डिसेंबर
सापडला! अन् आमच्याच घरात — माया मोठा भाऊ, राजकुमारदादा. पंचेचाळीसचा आकडा लपलेल्या पानावर म्हणे, "कायचा आकडा? नुसते ठिपके हायेत." मले वाटलं मस्करी करून राह्यला. दहा पानं दाखवली, आठ चुकला. मी तर नाचलीच. तो म्हणे, "तुया पुस्तकाची छपाईच बेकार."

७ डिसेंबर, रविवार
नेमसिंगमामा आला, आईचा — आमच्या याडीचा — सख्खा भाऊ. त्यालेही दिसलं नाही! कसं जुळलं — तक्त्यात मामा काळा, दादा काळा, मधात याडी अर्धी काळी. मामानं पुस्तक मिटलं. मग हळूच म्हणे, "मिलिटरीच्या भरतीतून याच्यानंच वापस आलतो. घरी सांगतलं, धावता नाही आलं."

दादा ऐकत होता. रेल्वेची लेखी परीक्षा तो पास झालाय, इंजिन चालवायची. सोळा तारखेले नागपूरला मेडिकल आहे.

८ डिसेंबर
मॅडम म्हणाल्या, सिग्नलचे रंग ओळखता आलेच पाहिजेत. दादाले सांगितलं. "जाऊन तर पाहतो," म्हणे. दोन वर्षं अभ्यास केला त्यानं.

१३ डिसेंबर
पुसदला तालुक्यातून पहिला नंबर!!! परीक्षक म्हणाले, घरातलंच उदाहरण घेतलं, शाब्बास बबिता. आल्या आल्या तक्ता भिंतीले लावला. आता जिल्हा!

१६ डिसेंबर
दादा मेडिकलहून आला. डोळ्यांच्या तपासणीत बाद केला. जेवला नाही.

१७ डिसेंबर
याडी कापूस वेचून आली अन् तक्त्यापुढं उभी राहिली. अर्ध्या काळ्या गोलावर बोट ठेवलं. "ही मीच ना? म्हणजे माया पोराले मायाकडूनच गेलं?"

मी म्हटलं, नाही वं याडी, ते मी चुकीचं काढलं.