रोशेलचे एकशे ऐंशी दिवस

शनि., ७ फेब्रु.
सोहारहून आत्ता परतलो. रोशेलची पोर्ट मॅनेजमेंटची डिग्री अर्धी-अर्धी. दोन वर्षं इथे यूएईत, फुजैरात झाली, उरलेली दोन तिकडे ओमानात, सोहारला. त्यांची सुट्टी शुक्र-शनि, आमची शनि-रवि. म्हणजे लेक वाट्याला येते ती शनिवारीच.
आज मेसवाल्याशी अरबीत भांडली आणि जिंकली. मी एकोणीस वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनला उभी, माझी अरबीची गाडी अजून 'खलास' या एका शब्दावरच अडलेली. कौतुक वाटलं. थोडी जळलेही.

सोम., ९ फेब्रु.
दुपारी नवऱ्याचा, विल्सनचा, कामावरून, टर्मिनलवरून फोन. "रोशेल शेवटची घरी कधी आली?"
"परवाच तर भेटलो."
"आपण गेलो गं. ती कधी आली?"
 सोळा ऑगस्टला गेली ती गेलीच. नाताळसुद्धा तळलेले गोड फुगे, तिखट विंदालू डब्यात बांधून आम्हीच तिकडे केला. दर महिन्याला दिसायची, म्हणून ती इथेच आहे असं वाटत राहिलं. एकशे ऐंशी दिवस बाहेर राहिलं की इथला रेसिडन्स व्हिसा जातो. शिकणाऱ्यांना सूट असते म्हणे, पण ते कागद आम्ही केलेच नाहीत. गुरुवार शेवटचा दिवस. तिचे पेपरही रोज, गुरुवारपर्यंत.
संध्याकाळभर विल्सन माझ्यावर, मी त्याच्यावर.

मंगळ., १० फेब्रु.
तिला सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. "ओके मम्मी. लेट मी थिंक." दहा मिनिटांत तिचाच फोन. बुधवारचा पेपर साडेबाराला सुटतो. वर्गातल्या मरियमची आई गाडीने आणणार, बॉर्डर ओलांडून इकडे कल्ब्याला. लगेच परत. "यू जस्ट कम. अँड प्लीज, नो क्राइंग."
मी आणि विल्सनने दोन दिवस नुसता आरडाओरडा केला असता.

बुध., ११ फेब्रु.
मॅनेजरला खरं कारण सांगून लवकर सुटले. कल्ब्याच्या पेट्रोल पंपावर पावणेचारला उतरली. मांडीवर नोट्स, केसात पेन. एन्ट्री झाली, एकशे ऐंशी दिवस पुन्हा पहिल्यापासून. मरियमच्या आईचे आभार कसे मानावेत कळेना, रोशेलसाठी आणलेला डबाच त्यांच्या हातात दिला. त्या हसल्या, हिंदीत म्हणाल्या, "बेटी है हमारी भी." चाळीस मिनिटं मिळाली. शवरमा खाता खाता रोशेल मला टँकरच्या रांगा कशा लावतात ते समजावत होती. मला अर्धंही कळलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं.
निघताना म्हणाली, "मम्मी, जूनमध्ये व्हिसा संपतोय ना? डोन्ट रिन्यू माइन. सोहारचं पोर्ट मला नोकरीवर घेतंय. व्हिसा ते देतील."
मी म्हटलं, आधी उद्याचा पेपर दे.

शनि., १४ फेब्रु.
आज सोहारला गेलो नाही. पेपर संपले, मुली मस्कतला फिरायला गेल्यात.
विल्सनला सगळं सांगितलं.  म्हणाला, "पोरगी भारी निघाली." डोळे पुसत होता, मी बघितलं नाही असं दाखवलं. रिन्यू केला नाही, तर पुढच्या नाताळला माझी लेक माझ्याच घरी व्हिजिट व्हिसावर येईल.
त्याने तिचा रिन्यूचा फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय. सही तेवढी केलेली नाही. मीही आठवण करून दिलेली नाही.